टाकी रिकामी नव्हती

१. एक आवाज कमी

आत्याला आधी कळलं ते कानांनी.

मत्स्यालयाच्या मागच्या दारानं दोघी आत शिरल्या तेव्हा भिंगरीची टकळी जोरात चालू होती. वर्गात कुणाला उभं केलं, कुणाची वेणी कुणी बाकाला बांधली, आणि बांधणाऱ्याऐवजी जिची वेणी तिलाच कशी बोलणी बसली! भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण एका जागी धड न बसणाऱ्या मुलीला दुसरं नाव शोभलंही नसतं. ती राहायची आत्याकडे, शाळा होती पलीकडच्या गल्लीत. म्हणून रोज सकाळी आत्याबरोबर इथं यायचं, माशांना खाणं घालताना लुडबुड करायची आणि घंटा वाजायच्या बेतात धूम ठोकायची, असा तिचा शिरस्ता.

"गप," आत्या म्हणाली.

"अगं पण पुढची गंमत तर ऐक—"

"गप बस म्हटलं ना! एक आवाज कमी आहे."

भिंगरीनं कान टवकारले. भिंतीभर काचेच्या टाक्या, प्रत्येक टाकीत हवेची नळी, आणि सगळ्या टाक्या मिळून चाललेली ती अखंड बुडबुड. तिला तर रोजच्यासारखंच ऐकू येत होतं. पण आत्या तोवर कोपऱ्यातल्या टाकीपाशी धावली होती. तिथं काचेवर काळं कापड टांगलेलं होतं. तिनं ते ओढून काढलं आणि तिथंच खाली बसली.

ती बशी माशांची टाकी होती. बशीसारखे गोल, चपटे, अंगावर निळ्या रेघा, आणि स्वभावानं असे हळवे की कुणी जोरात शिंकलं तरी दिवसभर रुसून बसायचे. त्यांना कोमट पाणीच लागायचं. आता ते सगळे तळाशी आडवे पडले होते. मातीच्या उभ्या नळकांड्यावर आदल्याच दिवशी घातलेली अंडी पांढरी पडली होती. हवेची नळी मुकी. गरम करणारी कांडी थंड.

भिंगरीनं पाण्यात बोट बुडवलं आणि चटकन मागे घेतलं.

"गार आहे, आत्या! एकदम गार!"

आत्या भिंतीवरच्या पडद्याकडे बघत होती. टाक्यांची खबरबात दाखवणारा तो मोठा पडदा. त्यावर कोपऱ्यातल्या टाकीच्या चौकोनात लिहिलं होतं: 'टाकी रिकामी. सर्व बंद.' आणि हा आदेश कुणी दिला ते कळावं म्हणून शेजारी फोटो होता.

फोटोत आत्या होती. ओळखपत्रातला फोटो, छान हसरा.

२. साहेबांचा कागद

"बाई, मला वाईट वाटतं," साहेब म्हणाले. चेहऱ्यावरून तसं काही वाटत नव्हतं.

साहेब म्हणजे मत्स्यालयाचे व्यवस्थापक. त्यांच्या खोलीत एकही मासा नव्हता, होतं ते फक्त काचेवर कोरलेलं माशाचं चित्र. भिंगरी शाळा बुडवून आत्याच्या खुर्चीमागे उभी होती. तिला बाहेर जायला दोनदा सांगून झालं होतं.

"मी काही बंद केलं नाही, साहेब," आत्या म्हणाली. "मासे आत असताना टाकी बंद करीन? हातांनी वाढवलेत मी ते."

"पडदा तुमचा फोटो दाखवतोय."

"पडद्याला काय होतंय दाखवायला!" भिंगरी फटकन बोलली. "आत्या काल रात्री घरी होती. मला भूमितीचा पेपर आहे म्हणून माझ्या डोक्यावर बसली होती. मी साक्षीदार आहे."

"घरची साक्षीदार," साहेब म्हणाले. "आणि घरून बंद करता येतं म्हणे. फोनवरून."

भिंगरीनं आत्याच्या पिशवीत हात घालून फोन काढला आणि टेबलावर ठेवला. बटणांचा फोन. त्यात सगळ्यात आधुनिक गोष्ट म्हणजे बॅटरीचा दिवा.

"घ्या. ह्याच्यावरून बंद करून दाखवा."

साहेबांनी फोनकडे बघितलं, मग खिडकीकडे. "हे बघा, मी काही शत्रू नाही. सगळी यंत्रणा नवी आहे. हवा, पाणी, ऊब, सगळं कॉम्प्युटरवर. आता तर कॅमेरेसुद्धा मासे मोजतात, विजेची बचत होते, वरच्या कचेरीतून कौतुकाचं पत्र आलं. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, बाई. माणूस चुकतो." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "चूक माझी, नजरचुकीनं बटण दाबलं गेलं, एवढंच लिहिलंय. सही करा. नोकरी राहील. फक्त उद्यापासून तिकीट खिडकी."

आत्यानं मान वर केली. "आणि टाक्या?"

"टाक्यांना दुसरं कुणी बघेल."

आत्या ह्या टाक्यांबरोबर होती तेव्हा साहेब इथं नव्हते, पडदा नव्हता, भिंगरी तर जन्मालाही आली नव्हती. कुठला मासा कधी रुसतो, कुठल्याला कुणाशेजारी ठेवलं की मारामारी होते, हे तिला घरच्या माणसांसारखं ठाऊक. तिकीट खिडकी मत्स्यालयाच्या बाहेर, रस्त्याकडे तोंड करून. तिथून एकही मासा दिसत नाही.

"उद्या संध्याकाळपर्यंत विचार करा," साहेब म्हणाले.

बाहेर पडल्या पडल्या भिंगरी थेट पहारेकरीकाकांकडे गेली. काका रात्रभर मागच्या दाराशी असायचे, पुढचं तर संध्याकाळीच आतून बंद. म्हणजे गुन्हेगार आत गेला असेल तर त्यांच्या नाकासमोरून.

"काका, खरं सांगा. काल आत्या घरी गेल्यावर आत कोण गेलं?"

"कुणी नाही."

"डुलकी लागली असेल तर तसं सांगा. मी कुणाला नाही बोलणार."

काका भडकले. "डुलकी? इथं डास झोपू देतात होय! बाई गेल्या, मी कुलूप लावलं, सकाळी तुमच्याचसमोर उघडलं. मधे मुंगीही आत गेली नाही."

भिंगरी पायरीवर धप्पकन बसली. पडद्याचं बटण आत. आत कुणी नव्हतं. आणि बटण तर दाबलं गेलं होतं!

३. "आमच्याकडून ओके"

टाक्यांचे पंप, हवा आणि ऊब सांभाळणारा जो लोखंडी डबा भिंतीत होता त्याला सगळे पॅनेल म्हणायचे, आणि ते बसवणाऱ्या माणसाला पॅनेलदादा. त्याचं दुकान बाजाराच्या मागे. दुकानभर वायरींची जाळी, आणि मधोमध दादा, दातात स्क्रू धरून.

"तुमच्या पॅनेलनं मासे मारले," भिंगरीनं सुरुवातच अशी केली.

दादानं स्क्रू हातात घेतला. "ए बाई, हळू. गिऱ्हाईक ऐकेल."

"ऐकू दे!"

"माझ्या पॅनेलला आदेश आला, टाकी रिकामी. रिकाम्या टाकीत हवा कुणासाठी सोडायची? भुतांसाठी? पॅनेलनं बंद केली. सांगितलेलं काम केलं. आमच्याकडून ओके."

"पाणी गार झाल्यावर सायरन का नाही वाजला?"

"रिकाम्या टाकीला सायरन वाजत नाही."

"का?"

दादाला आता हसू आलं. "तुझ्या आत्यालाच विचार. टाकी धुवायला रिकामी केली की सायरन बोंबलायचा. कान किटले म्हणून तीच मागे लागली होती. मी बंद करून दिला. आता तोही माझाच गुन्हा?"

भिंगरीला राग तर असा आला होता की त्या जाळीतली एखादी वायर दातांनी तोडावी. पण रागावायचं कुणावर? माणूस धडधडीत खरं बोलत होता.

"आदेश कधी आला?" तिनं विचारलं.

दादानं लॅपटॉप तिच्याकडे वळवला. पडद्यावर एक रेघ सरळ जात होती आणि मग घसरगुंडीसारखी खाली उतरत होती. "ही रेघ म्हणजे पाण्याची ऊब. हा बघ आदेश, मत्स्यालय बंद झाल्यावर थोड्याच वेळात. तेव्हा पाणी मस्त कोमट होतं. मग उतरत उतरत पहाटेला गार."

"आणि आदेश दिला कुणी?"

"काळजीवाहकानं. प्रत्येक टाकीचा एक काळजीवाहक असतो. पॅनेल दुसऱ्या कुणाचं ऐकतच नाही, तसंच बनवलंय ते. त्या टाकीला तुझी आत्या." त्याचा आवाज जरा खाली आला. "मलाही पटत नाही गं. पण आदेश तिच्या नावानं आलाय. कॅमेरेवाल्यांकडे जाऊन बघ. काही घडलं असेल तर त्यांना दिसलं असेल."

दिसलं असेल! भिंगरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कॅमेरा! टाकीसमोर कॅमेरा आहे. म्हणजे गुन्हेगाराचा चेहरा त्यात असणार. ती धावत सुटली ती चप्पल तुटेपर्यंत.

४. शून्य

कॅमेरेवाली ताई तरुण होती, तिची कचेरी उंच इमारतीत, सगळीकडे काच. आपणच टाकीत शिरल्यासारखं भिंगरीला वाटलं. तुटकी चप्पल ओढत ती आत गेली.

"मला कालचं चित्रण बघायचंय."

"चित्रण नाही ठेवत आम्ही," ताई गोड आवाजात म्हणाली.

"म्हणजे?"

"कॅमेरा बघतो, मासे मोजतो, आकडा ठेवतो आणि चित्र पुसतो. चित्रांना जागा फार लागते ना."

"मग तो कॅमेरा कसला! चष्मा लावलेला मुनीम आहे तो!"

ताई हसली, पण भिंगरी हसण्याच्या मनःस्थितीत नव्हती. सकाळपासून पोटात काही नाही, उद्या भूमितीचा पेपर, चप्पल तुटलेली, आणि जो तो आपापलं दार उघडून सांगतोय, बघ, माझ्या घरात चोर नाही.

"आकडा तरी सांगा."

ताईनं आकडा काढला. "दिवसभर सगळे मासे बरोबर मोजलेत. मग शून्य. सकाळपर्यंत शून्य."

"शून्य कसं? मासे तर टाकीतच होते!"

"मेले होते ना बिचारे. तळाशी निपचित पडलेला मासा कॅमेरा मासा म्हणून धरत नाही, तो हालचाल बघतो. अंधारातही बघतो. म्हणजे कॅमेऱ्यानं काम चोख केलंय. आमच्याकडून..."

"ओके," भिंगरीनं वाक्य पुरं केलं. "शून्य कधी झालं तेवढं सांगा. मग मी जाते."

"मत्स्यालय बंद झालं, त्यानंतर लगेचच."

बसमध्ये भिंगरी खिडकीला डोकं टेकून बसली. रडू येत नव्हतं, पण नाक मात्र सारखं पुसावं लागत होतं. मागच्या वर्षी त्यांच्या गटानं शाळेत घराची प्रतिकृती केली होती. घर एकीनं केलं, दार दुसरीनं, दोघींनी आपापल्या घरी बसून, अगदी मन लावून. प्रदर्शनाच्या सकाळी जोडायला घेतलं तर दार घरापेक्षा उंच! दोघी एकमेकींवर बोटं दाखवत होत्या आणि दोघींचंही काम सुरेख होतं. तेव्हा सगळा वर्ग हसून लोळला होता. आज कुणी हसणार नव्हतं.

तिनं मनात सगळं पुन्हा लावून पाहिलं. मासे गारठून मेले. मेले म्हणून कॅमेऱ्याला शून्य दिसलं. बरोबर. पाणी गार झालं पहाटे. मासे मेले पहाटे. म्हणजे शून्य दिसायला हवं पहाटे.

भिंगरी ताठ बसली.

शून्य तर संध्याकाळीच झालं होतं! पाणी मस्त कोमट असताना, हवा चालू असताना. पंप बंद व्हायच्याही आधी. त्या वेळी सगळे मासे जिवंत होते, चांगले फिरत होते. सगळ्यांनी गोष्ट उलटीकडून वाचली होती. मासे मेले म्हणून दिसेनासे झाले नव्हते. आधी ते दिसेनासे झाले होते.

"थांबवा!" ती ओरडली, आणि सगळी बस तिच्याकडे वळून बघायला लागली. उतरायचं ठिकाण अजून लांब होतं.

जिवंत मासे, चांगला कॅमेरा, मधे नुसती काच. मग दिसले का नाहीत?

५. स्वयंपाकघरात

आत्या ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. भांडी घासून झाली होती, तरी ती घासतच होती.

"आत्या, काल निघायच्या आधी तू टाकीपाशी काय केलंस? शेवटचं काय?"

"काही नाही."

"नीट आठव."

"अगं काय आठवायचं? अंडी घातली होती त्या दोघांनी. नवे कॅमेरे लागल्यापासून पहिलीच वेळ, म्हणून मी खुशीत होते. खाणं घातलं, दिवा घालवला, कापड लावलं, पिशवी घेतली आणि आले."

"कापड?"

"ते काळं. अंडी असली की मी नेहमीच लावते. उजेड पडला, काचेपलीकडे कुणी हललं की ते घाबरतात आणि स्वतःचीच अंडी खाऊन टाकतात. इतकी वर्षं लावतेय." आत्यानं नळ बंद केला. "का गं?"

भिंगरीला उत्तर सापडलं होतं आणि ते तोंडातून बाहेर काढवत नव्हतं.

कॅमेरा काचेबाहेरच्या दांडीवर होता. काळं कापड थेट काचेवर. म्हणजे कॅमेरा आणि मासे यांच्या मधे. कॅमेऱ्यानं पाहिलं, काळोख. एकही हालचाल नाही. मोजले, शून्य. शून्य म्हणजे टाकी रिकामी. पुढचं सगळं आपोआप.

हे उद्या सगळ्यांसमोर सिद्ध केलं तर आत्याच्या टाक्या वाचतील. पण त्यासाठी आत्याला हे सांगायला लागेल की जे कापड तिनं त्या माशांना जपण्यासाठी लावलं... नाही! त्यापेक्षा तिकीट खिडकी परवडली. भिंगरीनं ओठ घट्ट मिटले. मिटून राहणं तिला आयुष्यात जमलं नव्हतं, आताही जमत नव्हतं.

"तुझं तोंड असं का झालंय?" आत्या जवळ आली. "भिंगरे, तू गप्प आहेस म्हणजे काहीतरी भयंकर आहे. बोल."

भिंगरी बोलली. आधी अडखळत, मग भडाभडा.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. ओले हात पुसलेसुद्धा नाहीत, थेंब फरशीवर पडत राहिले.

"म्हणजे मीच," ती म्हणाली.

"नाही! तू कापड लावलंस. टाकी रिकामी आहे असं तू कुणाला म्हणालीस? तुला विचारलं का कुणी? कापड लावलं की कॅमेरा आंधळा होतो, आणि आंधळा झाला की पंप बंद पडतो, हे तुला सांगितलं का कुणी?"

"कॅमेरा फक्त मोजायला आहे म्हणाले होते."

"मग!"

"तरी कापड माझंच ना गं." आत्या स्टुलावर बसली. एकदाचे हात पुसले. भिंगरीला वाटलं आता ही कागदावर सही करणार, नक्की करणार.

"एक कळलं नाही," शेवटी आत्या म्हणाली. आवाज निराळा होता, शाळेतल्या बाईंसारखा. "शून्य मोजलं कॅमेऱ्यानं. मग फोटो माझा का?"

"तेच मला माहीत नाही," भिंगरी म्हणाली. "आणि ते कळल्याशिवाय साहेब ऐकणार नाहीत."

"साहेबांना फोन लाव. सांग, बाई सही करायला तयार आहेत. पण सही टाकीसमोर करतील, आणि पॅनेलवाले, कॅमेरेवाले दोघंही हजर पाहिजेत."

"आत्या! सही करणार तू?"

"लाव म्हटलं ना."

६. टाकीसमोर

दुसऱ्या दिवशी दुपारी, भूमितीच्या पेपराचं जे व्हायचं ते होऊन गेल्यावर, भिंगरी पोचली तेव्हा सगळे जमले होते. साहेब हातात कागद आणि पेन घेऊन. पॅनेलदादा स्क्रूशिवाय, त्यामुळे जरा ओळखू न येणारा. कॅमेरेवाली ताई सारखी घड्याळ बघत. पहारेकरीकाकांना कुणी बोलावलं नव्हतं, पण ते आले होते.

"करा सही," साहेब म्हणाले.

"करते. आधी जरा थांबा."

आत्यानं काळं कापड उलगडलं. शेजारच्या टाकीत नेहमीचे दांडगे मासे होते, थंडीवाऱ्याला न जुमानणारे. तिनं कापड काचेवर टांगलं. भिंगरी मदतीला पुढे झाली तर तिनं मानेनंच नको म्हटलं. मग तिनं सगळ्यांसाठी चहा आणला, आणि आपला कप दोन्ही हातांत धरून साहेबांच्या समोरच बसली.

"हे काय चाललंय?" साहेब.

"चहा," आत्या म्हणाली.

चहा संपला. साहेबांची चुळबुळ सुरू झाली. ताई म्हणाली, तिला दुसरीकडे जायचंय. भिंगरी पडद्याकडे बघून बघून थकली, काहीच होईना. चुकलं की काय सगळं? भूमितीसारखं हेही चुकलं?

आणि एक आवाज कमी झाला. ह्या वेळी तो भिंगरीलाही कळला.

"पंप थांबला," दादा उठून म्हणाला.

पडद्यावर चौकोनात अक्षरं उमटली: 'टाकी रिकामी. सर्व बंद.' शेजारी हसरी आत्या.

खरी आत्या हसत नव्हती. ती खुर्चीवर होती, रिकामा कप दोन्ही हातांत, साहेबांपासून हातभर अंतरावर.

"साहेब," भिंगरी म्हणाली, आणि तिचा आवाज चिरका झाला तरी तिनं पर्वा केली नाही, "आता सांगा! आत्यानं बटण दाबलं ते कुठल्या हातानं?"

साहेबांनी पडद्याकडे बघितलं, आत्याच्या हातांकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे. पेनाचं टोपण लावायला त्यांना बराच वेळ लागला.

"काका, कापड काढा," आत्या म्हणाली, "आणि दादा, तुम्ही हवा चालू करा आधी. बाकीचं मग."

हवा चालू झाली. दांडग्या माशांना काही घडल्याचा पत्ताही नव्हता. भिंगरीनं मग सगळं सांगितलं: कापड, काळोख, शून्य, आणि उलटीकडून वाचलेली वेळ. सांगताना ती इतकी फिरत होती की साहेबांची मान डावी-उजवीकडे होत होती.

"म्हणजे मोजणी आमची," ताई हळूच म्हणाली. तिचा गोड आवाज कुठे गेला कोण जाणे. "पण आम्ही नुसतं मोजत होतो. गेल्या महिन्यात साहेबांचा निरोप आला, रिकाम्या टाक्यांवर वीज वाया जाते, कॅमेऱ्यालाच परस्पर बंद करायला सांगा. आता पॅनेल फक्त काळजीवाहकाचंच ऐकतं, कॅमेऱ्याला त्यात नावच नाही. म्हणून आम्ही..." तिनं आत्याकडे बघितलंच नाही. "ज्या टाकीचा जो काळजीवाहक, त्याच्या नावानं आदेश पाठवला. काम भागत होतं."

"माझ्या नावानं," आत्या म्हणाली. "मला न विचारता."

"मला वाटलं साहेबांनी सांगितलं असेल."

"मला वाटलं," साहेब म्हणाले, "कॅमेऱ्यानं बंद केलं तर कॅमेऱ्याचंच नाव येईल."

"आणि मला वाटलं," दादा उसळून म्हणाला, "काळजीवाहकाचा आदेश म्हणजे माणसाचा आदेश! माणूस टाकीसमोर उभा राहून, डोळ्यांनी बघून बटण दाबतो, म्हणून तर मी सायरन काढला! मला कुठे माहीत, पलीकडून कॅमेरा बोलतोय!"

"तुम्ही आम्हाला कळवलं नव्हतं, रिकाम्या टाकीला सायरन नसतो ते."

"तुम्ही विचारलं होतं?"

"तुम्ही सांगितलं होतं?"

"चुकीचं उपकरण—"

"चुकीचं? आमच्याकडून सगळं—"

"ओके!" भिंगरी किंचाळली. "सगळ्यांकडून सगळं ओके! आणि मासे मेले!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तिला त्याची भयंकर चीड आली होती. काल दिवसभर तिनं खोटारडा शोधला होता. खोटारडा सापडला असता तर त्याच्यावर ओरडून मोकळी झाली असती. इथं ओरडायला धड कुणी नव्हतंच. सगळे थोडे थोडे बरोबर होते, आणि आत्याच्या माथी मात्र पुरा गुन्हा आला होता.

साहेबांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "बाई, टाक्या तुमच्याकडेच राहतील," ते म्हणाले. मग घसा खाकरून, कुणाकडेही न बघता, "वरच्या कचेरीला मी लिहितो. कॅमेऱ्याचं ते बंद करायचं माझ्याच सांगण्यावरून झालं, असं."

आत्यानं मान डोलावली. आभार मानले नाहीत. ती दादा आणि ताईकडे बघत होती. दोघं भिंतीच्या दोन टोकांना तोंडं फिरवून उभे होते.

"तुमची दोघांची ओळख कधीपासून?" तिनं विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"ओळख नाही," दादा म्हणाला. "ह्यांचे लोक वेगळ्या दिवशी यायचे."

"आज पहिल्यांदाच भेटतोय," ताई म्हणाली.

पहारेकरीकाका 'अरे देवा' म्हणाले आणि तोंडावर हात ठेवला.

एकाच भिंतीवर, एकाच टाकीवर, गेला महिनाभर दोघांची यंत्रं दिवसरात्र एकमेकांशी बोलत होती. आणि ही दोन माणसं मात्र एकमेकांशी एक शब्द बोलली नव्हती.

आत्या उठली. दोन खुर्च्या ओढून तिनं कोपऱ्यातल्या, आता खरंच रिकाम्या टाकीसमोर समोरासमोर मांडल्या. तिसरी आपल्यासाठी.

"बसा," ती म्हणाली.

"बाई, मला एक काम—" ताई म्हणाली.

"बसा. तुमचं यंत्र ह्यांच्या यंत्राला काय काय सांगतं, आणि ह्यांचं ते ऐकून काय काय करतं, ते मला समजेपर्यंत कुणी उठायचं नाही. मला समजायला वेळ लागेल. मी बटणांचा फोन वापरते."

साहेब हळूच दाराकडे सरकले.

"साहेब, तुम्हीसुद्धा," आत्या म्हणाली, आणि भिंगरी चौथी खुर्ची आणायला पळाली.